एडिस्टनच्या दीपगृहाचे कर्ते : जॉन स्मीटन

रात्रीं समुद्रावर दीपगृहाचा उजेड दिसला म्हणजे आपणांस आनंद होतो. परंतु तो दिवा तेथें कोणीं व किती कष्टांनीं लाविला, याचा विचार आपण क्वचितच करतों. म्हणून अशा एका दीपगृहाच्या कर्त्याची हकीकत आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन स्मीटन यांचा जन्म इंग्लंडांत लीड्स शहराजवळ ऑस्थॉर्प येथें ८ जून १७२४ रोजीं झाला. वडील वकील होते व मुलानेंही तोच धंदा करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाचें चित्त लहानपणापासून हत्यारें व यंत्रें यांतच रमे. कायदा शिकण्यास लंडनला गेलेल्या स्मीटन यांनीं अखेर तो मार्ग सोडून शास्त्रीय उपकरणें तयार करण्याचा व्यवसाय पत्करिला. १७५३ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें.

प्लिमथ बंदरापासून सुमारें १४ मैलांवर भर समुद्रांत एडिस्टन नांवाचे खडक आहेत. तेथें कित्येक जहाजें फुटलीं होतीं. तेथील पहिलें दीपगृह १७०३ च्या महावादळांत, त्याचे कर्ते विन्स्टन्ली यांच्यासह, नाहींसें झालें. दुसरें बहुतांशीं लांकडाचें होतें. तें १७५५ सालीं जळालें. तिसरें बांधण्याचें काम स्मीटन यांजकडे आलें.

त्यांनीं दगड पसंत केला. ओक वृक्षाच्या बुंध्याप्रमाणें खालीं रुंद व वर निमुळता असा मनोरा त्यांनीं योजिला. सुतार लांकडाचे सांधे एकमेकांत अडकवितो, तसे दगड घडविले. प्रत्येक थर आधीं किनाऱ्यावर जुळवून पाहावयाचा व मगच होडीनें खडकावर न्यावयाचा, असा क्रम असे. साधा चुना पाण्यांत घट्ट होत नाहीं. म्हणून त्यांनीं ठिकठिकाणचे चुने पारखले व ज्या चुनखडींत मातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यांत कठीण होतो, हें शोधून काढिलें. वादळी रात्र सरली कीं ते प्लिमथच्या हो नामक टेकडीवर जाऊन दुर्बिणींतून आपलें काम शाबूत आहे कीं नाहीं तें पाहात, असें सांगतात. १६ ऑक्टोबर १७५९ रोजीं त्या मनोऱ्यांत २४ मेणबत्त्यांचा दिवा प्रथम लागला.

पुढें त्यांनीं पूल, कालवे व बंदरें बांधलीं आणि २८ ऑक्टोबर १७९२ रोजीं ऑस्थॉर्प येथेंच देह ठेविला.

मनोरा शंभराहून अधिक वर्षें उभा राहिला. तो खचला नाहीं. त्याच्या खालचा खडकच लाटांनीं झिजला. म्हणून शेजारच्या खडकावर नवें दीपगृह बांधिलें गेलें व तें १८८२ सालीं सुरू झालें. परंतु प्लिमथच्या नागरिकांनीं जुना मनोरा वायां जाऊं दिला नाहीं. वर्गणी जमवून त्याचा वरचा भाग दगड दगड उतरवून किनाऱ्यावर आणिला व पुन्हां उभारिला. १८८४ सालीं तो लोकांस खुला झाला. बुंधा मात्र अजून समुद्रांतच उभा आहे.

ज्या टेकडीवरून स्मीटन काळजीनें समुद्राकडे पाहात, त्याच टेकडीवर आज त्यांचा मनोरा आहे. कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या सांध्यांत व चुन्यांतही त्यांनीं कसूर केली नाहीं, म्हणूनच जपून ठेवण्याजोगें कांहीं मागें उरलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या अभ्यासाचा पायाही असाच घालावा, एवढीच आमची इच्छा.