गाडग्यात मावणारे जेवण

उजनी जलाशयाकाठच्या करमाळा, माढा तालुक्यांतील शिवारांत आज ऊस आणि केळी डोलतात. १९८० मध्ये धरण पूर्ण होण्यापूर्वी हा टापू मुख्यत्वे कोरडवाहू ज्वारीचा. सोलापूरची कडक भाकरी ही अशाच कोरड्या मुलखाची शहाणी रीत. ती अनेक दिवस टिकते, आमटीत चुरून खाता येते. शिळी भाकरी कुस्करून कांद्याची फोडणी दिली की न्याहारी होते. टाकून देण्याजोगे घरात काही उरतच नसे.

उजनीचे पाणी भीमेतून ज्या पंढरपुरास जाते, तेथे विदर्भातील एका माणसाने हीच रीत जगून दाखविली. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनापायी गेले. दापुरे येथे मामाच्या घरी वाढताना सावकारी कर्जाचा जाच डेबूजींनी जवळून पाहिला. परीट समाजात बारशालाही मांस-मद्याची पंगत देण्याची चाल होती. ऐपत नसलेला माणूस त्यासाठी कर्ज काढी. डेबूजींनी मुलीच्या बारशाला ही चाल मोडून साधे गोड जेवण वाढले. भाऊबंदांचा रोष पत्करून, हे विशेष.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. हाती खराटा आणि मातीचे गाडगे. गावात शिरताच आधी रस्ता झाडायचा, मग भाकरी मागायची. श्रमावाचून घास घ्यायचा नाही. त्याच गाडग्यात कालवण, त्यातच पाणी. कधी तेच डोक्यावर टोपीसारखे. हजारोंच्या पंगती त्यांनी आंधळ्या-पांगळ्यांसाठी उठविल्या. पण स्वतः त्या पक्वान्नांपासून दूर बसून कुणा गरिबाघरची झुणका-भाकर खात. ऋण काढून सण करू नका, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, हे ते कीर्तनातून निरक्षर श्रोत्यांना प्रश्न विचारीत विचारीत पटवून देत. वाचलेला पैसा आणि घास कोठे जावा, याचा त्यांचा हिशेब इतका स्वच्छ होता.

पंढरपुरास ते वर्षानुवर्षे येत. मात्र विठ्ठलाच्या मंदिरात जाण्याऐवजी वाळवंट झाडीत आणि कीर्तन करीत. देवळाच्या दारात अडविल्या जाणाऱ्या वारकऱ्यांसाठी त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. नाशिक, आळंदी, मुंबई येथेही धर्मशाळा झाल्या. त्यांपैकी कशावरही त्यांनी कुटुंबाचा हक्क ठेवला नाही.

शासनाने २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि खराटा घरोघरी पोहोचला. गाडगे मात्र मागेच राहिले. धरणाच्या पाण्याने सुबत्ता आलेल्या गावांत, आणि शहरांतील कार्यालयांत तर अधिकच, लग्नाच्या पंगतीनंतर भरल्या पत्रावळी उचलल्या जातात, तेव्हा ते जाणवते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावजवळ, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.