सार्वजनिक काकांचे व्रत आणि आपला बाजार

चतुर्थी तोंडावर आली की गोमंतकातील बाजारांना भरते येते. मातीच्या मूर्ती, माटोळीचे सामान, समया, सुपे आणि नवी वस्त्रे यांसाठी म्हापशापासून मडगावपर्यंत झुंबड उडते, आणि एरव्ही हात आखडून राहणारा संसारी माणूसही या दिवसांत मोकळ्या हाताने पैसा खर्च करतो. हा पैसा अखेर कोणाच्या घरी जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका वकिलाने तो विचार केला आणि त्यातून निघालेले उत्तर मरेपर्यंत अंगावर वागविले. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांचे स्मरण खरेदीच्या या हंगामात करणे आम्हांस उचित वाटते.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. नोकरीच्या निमित्ताने ते पुण्यास आले आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन त्या व्यवसायात त्यांनी नाव मिळविले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत जो असंतोष होता, त्याला वाट करून देताना २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. सभासद होऊ पाहणाऱ्याने निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा सभेचा नियम होता. लोकांच्या वतीने बोलायचे तर आधी लोकांची संमती हवी, हा दंडक त्या काळी अपूर्वच होता. या सभेच्या कामात काका इतके एकरूप झाले की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले.

त्या सुमारास मँचेस्टरचे स्वस्त कापड देशात पाण्यासारखे पसरत होते. कोष्टी-साळ्यांचे माग बंद पडत होते आणि हातचा धंदा गेलेली माणसे आधीच दबलेल्या शेतीवर येऊन पडत होती. १८७१च्या अखेरीस न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि देशी व्यापाराच्या ऱ्हासाची मीमांसा त्यांनी व्याख्यानांतून मांडली. काकांचा पिंड कर्त्याचा होता. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याचे व्रत घेतले. ते स्वतः सूत काढू लागले आणि त्या सुताच्या जाड्याभरड्या कापडाचा पोशाख करू लागले. वंगभंगाच्या चळवळीला तेव्हा ३३ वर्षे अवकाश होता आणि गांधीजी काठेवाडात दोन वर्षांचे मूल होते.

पण काकांचे खरे मोठेपण या व्रतापेक्षा त्यांनी पुढे जे केले त्यात आहे, असे आम्हांस वाटते. स्वदेशी घ्या असे सांगणाऱ्याला लोक लगेच विचारतात, ती मिळते कोठे? या प्रश्नापाशी अनेक चळवळी थबकतात. काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा नित्याच्या वस्तू देशात तयार व्हाव्यात म्हणून उत्तेजन दिले. हा माल खपावा म्हणून पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत येथे दुकाने निघाली. त्या खटाटोपात त्यांना पदरचा पैसा खर्ची घालावा लागला. करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दुकान उभे राहिले नाही, तर ठराव कागदावरच राहतो, हे या वकिलाने ओळखले होते.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला. जरीच्या आणि हिऱ्यामोत्यांच्या त्या झगमगाटात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका हातसुताच्या पांढऱ्या वेषात गेले आणि ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क हिंदी जनतेस मिळावेत, अशी मागणी सभेने मांडली. त्याच वेळी दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता, आणि सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवीत होती. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य काकांनी दाखविले. याच वर्षी लॉर्ड लिटनने विलायती जाड्या कापडावरील आयातकर उठविला. पुढच्या वर्षी, जुलै १८८० मध्ये, काकांचे निधन झाले. गिरण्यांच्या मालाचा लोंढा त्यांना थोपविता आला नाही, हे मान्य केले पाहिजे. राजसत्ता विरुद्ध बाजूस असताना केवळ ग्राहकाच्या निर्धाराने तो थोपणे शक्यही नव्हते.

या गोष्टीशी गोमंतकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या १८८० साली काका गेले, त्याच साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यातील १८७८चा तह अमलात आला. दोन्ही मुलखांतील जकातीचे अडसर दूर झाले आणि आमच्या मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. मिठागरांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांवर कुऱ्हाड कोसळली. १८९२ साली तह संपला, पण एकदा मोडलेला धंदा आणि पोटासाठी परमुलखी गेलेला माणूस तहाबरोबर परत येत नसतो.

आज परसत्ता नाही आणि निवड सर्वस्वी आपल्या हाती आहे. तरीही डिचोलीच्या कुंभाराची चाके, कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची लाखेची खेळणी, कुणबी स्त्रियांचे तांबड्या चौकड्यांचे कापड आणि गावातल्या बुरुडाची सुपे यांच्याविषयी आपण सभांतून हळहळतो आणि खरेदीला मात्र अन्यत्र जातो, किंवा घरबसल्या बोटाच्या स्पर्शाने परगावचा माल मागवितो. मोठ्या दुकानातील छापील किंमत आपण निमूटपणे देतो आणि रस्त्याकडेला बसलेल्या म्हाताऱ्या कुंभारणीशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. असे अनुभव घेतलेल्या कारागिराने आपल्या मुलाला चाकावर बसविले नाही, तर दोष त्याला कसा द्यावा?

सर्वांनी सर्व काही हातचेच घ्यावे, असा आमचा आग्रह नाही. ज्याची प्राप्ती बेताची आहे, त्याने स्वस्त वस्तू घेतली तर त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांना परवडते, त्यांनी घेण्यापूर्वी ही वस्तू कोणी केली एवढे विचारावे. हातची म्हणून साच्यातली वस्तू विकणाराही या प्रश्नाने सावध होईल. सणाची एक समई, एक सूप, चिकणमातीची एक मूर्ती करणाऱ्याच्याच हातून, त्याने सांगितलेल्या भावाने घ्यावी. पंचायतींनी आणि नगरपालिकांनीही अशा कारागिरांना बाजारात मोक्याची जागा बिनभाड्याने द्यावी, म्हणजे काकांच्या दुकानांचे काम आजच्या काळात थोडेफार तरी होईल.

काकांचा पुतळा उभारणे सोपे आहे. या चतुर्थीला आपल्या पिशवीतून घरी येणाऱ्या वस्तूंकडे एकदा त्यांच्या नजरेने पाहिले, तर त्या स्मरणाला अधिक अर्थ येईल.