थर्मोस्टॅट आणि लक्ष्मणराव

इंजिन गार ठेवावं लागतं हे आपण सगळेच पाठ करतो. पण ते गरमही ठेवावं लागतं, हे मला मागच्या हिवाळ्यात विश्रांतवाडीच्या एका गॅरेजमध्ये कळलं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!)

मामाची जुनी डिझेल जीप. सकाळी धूर सोडायची, ॲव्हरेज पडलेलं आणि टेंपरेचरचा काटा वर यायचाच नाही. मिस्त्रीकाकांनी मला थर्मोस्टॅट शोधायला लावला. खूण सोपी होती. रेडिएटरच्या वरच्या बाजूचा जाड होज धरून इंजिनपर्यंत जायचं. तो जिथे संपतो तिथे दोन बोल्टचं झाकण. इंजिन पूर्ण थंड असताना थोडं कूलंट काढलं, झाकण उघडलं, तर आत काहीच नाही! कधीतरी गाडी तापली म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. त्यामुळे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरायचं आणि इंजिन कामाच्या तापमानाला पोचायचंच नाही.

नवीन आणला. त्यावर ८२ आकडा होता, म्हणजे साधारण ८२ अंशांना उघडायला लागणार. आधी पातेल्यात पाणी उकळून तपासला. आतलं मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि व्हॉल्व्ह हळूच उघडतो. बघायला मजा येते! मग जुनं गॅस्केट खरवडून, स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवून बसवला, कूलंट भरून हवा काढली. थोड्या वेळात काटा मधोमध!

परत येताना खडकीत लक्ष्मणराव किर्लोस्कर रोडची पाटी दिसली. खरं सांगायचं तर तेव्हा माझे दोन विषय राहिले होते आणि मेकॅनिकल सोडून घरी जायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या रात्री रूमवर अभ्यास सोडून लक्ष्मणरावांबद्दलच वाचत बसले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन नव्हतं, नाद चित्रांचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. पण मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग कुठे लागतात? ते शिकून आज आपण व्हीजेटीआय म्हणतो त्या संस्थेत ते शिकवू लागले. यंत्रांवर हात बसला. मग बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथे भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचा धंदा होता. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून धरतो. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि नंतर लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, म्हणजे आपली चार सेमिस्टर! त्यातून जम बसतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली.

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते, हा योगायोग मला फार आवडला. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. माळावर निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. नुसता कारखाना नाही, तर कामगारांसकट वसवलेलं गाव.

स्वतः लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. मुलाला, शंतनुरावांना, मात्र त्यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. १९२६ मध्ये ते पदवी घेऊन परतले आणि १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

माझ्या मनात हे सगळं त्या थर्मोस्टॅटशी जोडलं गेलंय. तो सुरुवातीला बंद असतो तो बिघडलेला म्हणून नव्हे; इंजिन अजून तापायचं असतं म्हणून. नांगर न खपलेली ती दोन वर्षं मला तशी वाटतात. आपण मात्र काटा हलत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा थर्मोस्टॅटच काढून फेकतो.

मी घरी गेले नाही, परीक्षेचा फॉर्म भरला. एक विषय सुटला, एक अजून आहे. काटा चढतोय!