दोन देशांचे सुवर्ण : डॅनियल कॅरोल

थोरले पतौडी इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून कसोटी क्रिकेट खेळले, हे मराठी क्रीडारसिकांना ठाऊक आहे. डॅनियल कॅरोल यांनी दोन देशांसाठी रग्बीत ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले.

जन्म मेलबर्नचा, पण खेळ बहरला तो सिडनीत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलेशियाच्या संघाने कॉर्नवॉलवर ३२-३ अशी मात केली, तेव्हा हा पोरसवदा, चपळ विंग त्या संघात होता. स्पर्धेत संघ दोनच होते, हे मात्र नमूद केलेच पाहिजे.

आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९१२ मध्ये. अमेरिकन फुटबॉलमध्ये तरुणांचे बळी जाऊ लागल्याने स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी १९०६ पासून तो खेळ सोडून रग्बी स्वीकारली होती. त्यामुळेच ऑस्ट्रेलियाचा संघ तेथे दौऱ्यावर आला. बर्कली येथील सामन्यात अमेरिकेचा १२-८ असा पराभव करणाऱ्या त्या संघात कॅरोल होते. दौरा संपला, संघ परतला. कॅरोल मात्र मागे राहिले. स्टॅनफर्डमध्ये त्यांनी भूशास्त्राचा अभ्यास आरंभला. व्हिसाच्या रांगांतून गेलेल्या आजच्या वाचकाला या सहजपणाचे नवल वाटेल.

वर्षभरातच, त्याच बर्कलीत, ते अमेरिकेच्या बाजूने मैदानात उतरले. समोर न्यूझीलंडचा बलाढ्य संघ होता. निकाल ५१-३. नव्या देशाकडून खेळण्याचा आरंभ याहून कठोर क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल! तरीही त्यांनी पाठ फिरवली नाही. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यातून लढले.

युद्धानंतर, १९२० मध्ये, अमेरिकेने अँटवर्प ऑलिंपिकसाठी संघ पाठवला. त्यातील बहुतेक खेळाडू कॅलिफोर्नियातील होते आणि आंतरराष्ट्रीय अनुभव जवळजवळ कोणालाच नव्हता. तो कॅरोल यांच्याकडे होता. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका त्यांनी पेलल्या. फ्रान्सचे पारडे जड मानले जात होते, परंतु ५ सप्टेंबरला अमेरिकेने त्यांना एकही गुण मिळवू न देता ८-० असे हरवले. स्पर्धेत याही वेळी दोनच संघ उरले होते. पण विजयाचे मोल त्याने घटत नाही.

कॅरोल यांनी पुढे तेलव्यवसायात भूशास्त्रज्ञ म्हणून काम केले. १९२४ मध्ये अमेरिकेने पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर ऑलिंपिकमधून रग्बीच वगळण्यात आली. १९५६ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे कॅरोल यांचे निधन झाले, तेव्हा त्या गोष्टीला ३२ वर्षे लोटली होती.