६१७४ : देवळालीच्या कापरेकर गुरुजींची वजाबाकी



पहिलं सत्र संपत आलंय. आपल्या लातूर-नांदेडकडे नेमकी याच दिवसांत सोयाबीनची काढणी असते. सहावी-सातवीच्या वर्गात रोज काही बाकं रिकामी दिसतात. आठवड्याने परत आलेल्या पोराला १००० मधून १ वजा करायला सांगा, तीन शून्यं ओलांडून हातचा घेताना गडबडतंच. इकडे संकलित चाचणी डोक्यावर, तिकडे पालकांचा एकच प्रश्न, मार्क किती पडतील? अशा वेळी आपण फळ्यावर पुन्हा तीच वीस उदाहरणं लिहितो आणि पोरं ती कंटाळून उतरवून घेतात.

यंदा त्याऐवजी वर्गात एका शिक्षकाची गोष्ट सांगून बघा. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच. ती बघत बघत मुलाला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्याला झाली, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९३० पासून ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवू लागले. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. पीएचडी नाही, मोठ्या संस्थेतली खुर्ची नाही. आपल्यासारखेच घंटा झाली की वर्गावर जाणारे गुरुजी!

पण आकडे काही त्यांना सोडत नव्हते. डोंबिवली स्टेशनवर गाडी बदलताना काही संख्यांचा विचार सुचला, तर त्या स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना नाव दिलं 'हर्षद'. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५! अशा संख्यांना आज जग 'कापरेकर संख्या' म्हणतं.

१९४६ साली त्यांना ६१७४ सापडली. रीत चौथीच्या पोरालाही जमेल अशी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४ :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करा. ७६४१ − १४६७ = ६१७४. इथून पुढे हलणंच नाही. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोहोचता.

१९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. पण आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. काही जण हसले. गुरुजी पदरमोड करून परिषदांना जात राहिले, स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत राहिले. १९६६ ला पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळालीचे गुरुजी कळले. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. ६१७४ सापडून एकोणतीस वर्षं होऊन गेली होती. १९८६ साली ते गेले.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. मुलांना १००० पासून सुरुवात करायला लावा. पहिलीच वजाबाकी १००० − ०००१, म्हणजे तीन शून्यांचा हातचा! उत्तर ०९९९. इथे बरीच मुलं पुढचं शून्य सोडून देतात. मग ९९९ मधून ९९९ गेले, हाती शून्य, आणि खेळ खलास. शेजारच्याचं मात्र ९९९० − ०९९९ करून पुढे चाललेलं असतं. माझं का अडलं, हे मूल स्वतः शोधायला लागतं. स्थानिक किंमत आपण अर्धा तास समजावून जे होत नाही, ते इथे होतं.

दुसरा फायदा तपासणीचा. यातल्या प्रत्येक बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत येते. ३०८७ ची बेरीज १८, ८३५२ चीही १८. हातचा विसरला की उत्तर १० ने, १०० ने किंवा १००० ने चुकतं आणि बेरीज लगेच बिघडते. (अंकांची अदलाबदल झाली तर मात्र ही युक्ती कामाची नाही.) म्हणजे चाळीस वह्या तपासायला आपण एकटे नाही, पोरगं स्वतःच आपली चूक धरतं. ज्यांना चार अंक जड जातात त्यांना तीन अंकी द्या, ती ४९५ वर थांबते. एका पानात पाच-सहा वजाबाक्या होतात आणि कुणी कुरकुर करत नाही.

पालकांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. मार्क जरूर विचारा, पण सोबत लेकराची वही उघडून बघा. सत्राच्या सुरुवातीला हातचा कुठे चुकत होता, आता कुठे चुकतो, हे वहीत दिसतं. बेरजेच्या रकान्यात ते दिसत नाही.

आणि शिक्षक मित्रांनो, आता आपण वर्णनात्मक नोंदी लिहायला बसू. १९५० च्या सुमारास कापरेकर गुरुजींचं प्रगतिपत्रक कुणी लिहिलं असतं, तर त्यावर आकड्यांशी खेळत बसतो, एवढाच शेरा पडला असता. तसा शेरा आपल्या हातून आपल्या एखाद्या पोरावर पडू नये. ०९९९ मधलं शून्य का ठेवायचं हे ज्याने स्वतः शोधलं, त्याच्या नावापुढे तेच लिहा, मार्क कितीही असोत.

दिवाळीच्या सुट्टीसाठी एक प्रश्न द्या. हाच खेळ दोन अंकी संख्येचा केला, तर तो एका संख्येवर थांबतो की गोल फिरत राहतो? उत्तर सांगू नका. सुट्टीनंतर पोरंच येऊन सांगतील.