रडू थांबले म्हणजे मूल रुळले?

मुलाला मानसोपचार विभागात दाखल करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पिशवीत काय भरायचे हे ठरवता येते. मुलाला काय सांगायचे, हे ठरवणे अवघड जाते. मामाच्या घरी जातोय असे सांगून न्यावे का? मूल झोपले की गुपचूप निघून यावे का? या प्रश्नांचा विचार गांभीर्याने होऊ लागला, त्यात जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे.

बोल्बी यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील राजघराण्याचे शल्यविशारद. घरात कशाची कमतरता नव्हती, पण उच्चभ्रू घरांतील रीतीप्रमाणे सहा भावंडे दायांच्या हाताखाली वाढली. आईची भेट व्हायची ती संध्याकाळच्या चहानंतर तासभर. छोट्या जॉनचा जीव मिनी नावाच्या दाईवर होता. तो चार वर्षांचा होत असताना ती काम सोडून गेली. ही ताटातूट त्यांच्या कायम लक्षात राहिली.

केंब्रिजमधील शिक्षणानंतर त्यांनी काही काळ वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या शाळेत काम केले आणि मग डॉक्टर होऊन लहान मुलांच्या मनोविकारांकडे वळले. चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १७ मुलांची पहिल्या पाच वर्षांत आईपासून दीर्घ ताटातूट झालेली होती; तुलनेसाठी घेतलेल्या ४४ मुलांमध्ये अशी दोनच होती. काहींच्या बाबतीत ताटातुटीचे कारण होते रुग्णालयातील मुक्काम.

त्या काळी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत पालकांना आठवड्यातून एखाद-दोनदाच भेटता येई. आईवडील आले की मुले रडतात, म्हणजे भेटीनेच त्रास होतो, असा समज होता. १९४८ मध्ये बोल्बींनी जेम्स रॉबर्टसन यांना रुग्णालयातील मुलांच्या निरीक्षणासाठी नेमले. रॉबर्टसन यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल आक्रोश करते, मग खचते आणि शेवटी गप्प होते. परिचारिकांना ते रुळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असते. घरी परतल्यावर तेच मूल आईला ओळख दाखवत नाही किंवा तिला क्षणभरही सोडत नाही.

रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. १९५२ मध्ये तो डॉक्टरांना दाखवला, तेव्हा अनेक जण संतापले. बोल्बी मात्र सहकाऱ्याच्या मागे ठाम उभे राहिले. १९५९ मध्ये ब्रिटनमधील सरकारी समितीने पालकांच्या भेटींवरील बंधने काढावीत आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली.

बोल्बींवर टीकाही झाली. सगळा भार त्यांनी आईवर टाकला, हा आक्षेप रास्त होता. वडील, आजी किंवा सांभाळणारे दुसरे माणूसही मुलाचा आधार होऊ शकते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. प्रत्येक ताटातूट आयुष्यभराची जखम करते असेही नाही. ती किती काळ टिकते, मुलाला आधी काय सांगितले जाते आणि सोबत कोण असते, यावर बरेच अवलंबून असते.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही हा विचार दिसतो. अठरा वर्षांखालील मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण मुक्कामभर त्याच्यासोबत राहणे आवश्यक असते. म्हणून दाखल होण्याआधीच सोबतीच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात. कोणत्या वस्तू चालतात ते वॉर्डात विचारावे आणि परवानगी असेल तर मुलाची आवडती गोधडी किंवा पुस्तक न्यावे. कुठे आणि कशासाठी जायचे ते मुलाला त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगावे. ही शिक्षा नाही, हेही सांगावे. पाळी बदलताना निरोप घेऊनच निघावे आणि सांगितलेली वेळ पाळावी. निरोपाच्या वेळी मूल रडले, तर ते बिघडले असे समजू नये.

२ सप्टेंबर १९९० रोजी स्कॉटलंडमधील स्काय बेटावर बोल्बी यांचे निधन झाले. त्यांचे अखेरचे पुस्तक चार्ल्स डार्विन यांचे चरित्र होते. डार्विन आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. घरात तिच्याविषयी बोलले जात नसे आणि त्या अबोल्याचा डार्विन यांच्या पुढील आजारपणाशी संबंध असावा, असे बोल्बी मानत. मिनीच्या जाण्याने हळवा झालेला मुलगा अखेरपर्यंत लहानपणीच्या ताटातुटीचाच विचार करत राहिला होता.