एका मोटारसायकलीला वाहिलेले आयुष्य : बर्ट मन्रो

गोल दिवा, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, सरळ बैठक. दिसायला आजोबांच्या काळातली, पण आत इंजिन मात्र आजचे. अशा जुन्या वळणाच्या, वेगवान मोटारसायकली हल्ली तरुण मंडळींना फार आवडतात. गाडी घरी आली की तिच्यात फेरबदल करण्याची हौस सुरू होते. सायलेन्सर बदला, हँडल खाली घ्या, स्प्रिंगा नव्या बसवा. घरातील वडीलधारी माणसे यावर कपाळाला आठ्या घालतात आणि पैसे पाण्यात चालले असे म्हणतात. ही हौस खरोखरच वाया जाणारी आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आज वाचकांपुढे एका माणसाचे चरित्र ठेवीत आहोत. त्याने एकच मोटारसायकल घेतली आणि सुमारे पन्नास वर्षे तिच्यात बदल करण्यातच आयुष्य घालविले. त्या माणसाचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. पण सारे जग त्यांना बर्ट मन्रो या नावाने ओळखते.

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडमध्ये झाला. त्या देशाच्या अगदी दक्षिणेकडे इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. त्याच्या पूर्वेला एडनडेल येथे मन्रो कुटुंबाची शेती होती. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच वारली आणि हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. ते मूल पुढे ७८ वर्षे जगले. मुलाला लहानपणापासून वेगाचे वेड होते. घरातील सर्वांत चपळ घोड्यावर बसून तो दौडत निघे आणि वडील रागावत. पहिल्या महायुद्धानंतर वडिलांनी शेती विकली. बर्ट यांनी काही काळ ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्यावर मजुरी केली. पुढे वडिलांनी नवी शेती घेतली तेव्हा ते पुन्हा घरी परतले.

सन १९२० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी इन्व्हरकार्गिलमध्ये एक नवी कोरी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव इंडियन स्काउट. येथे वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, या नावाचा आपल्या हिंदुस्थानशी संबंध नाही. इंडियन ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथील कंपनी आणि तिचे बोधचिन्ह होते तेथील आदिवासींचे. स्काउट गाडीची रचना चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश इंजिनिअरने केली होती. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात बसविलेले दोन सिलिंडर, सुमारे ६०० सी.सी.चे इंजिन, तीन गिअर. क्लच पायाने दाबायचा आणि गिअर हाताने टाकायचा. गाडीचा जास्तीत जास्त वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर. त्या काळी एवढा वेग पुष्कळ झाला. मन्रो यांना मात्र तो पुरेना.

१९२६ पासून त्यांनी गाडीत बदल करण्यास आरंभ केला. हाताशी पैसा नव्हता. दिवसा मोटारसायकली विकण्याची आणि दुरुस्तीची नोकरी आणि रात्री आपल्या गाडीचे काम, असा त्यांचा क्रम असे. सुटे भाग विकत आणणे परवडत नव्हते, म्हणून ते घरीच बनवू लागले. जुन्या डब्यांचा साचा करून त्यात धातू ओतून त्यांनी पिस्टन तयार केले. बिडाच्या जुन्या नळाचे तुकडे कापून सिलिंडर केले. पिस्टन आणि फिरता दांडा यांना जोडणारा जो कनेक्टिंग रॉड असतो, तो त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढला. मोजमापाचे यंत्रही विकतचे नव्हते. चाकाच्या एका जुन्या तारेपासून त्यांनी ते बनविले.

त्यांनी केलेला मुख्य बदल समजून घेण्याजोगा आहे. मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येताना आणि जळलेला वायू बाहेर जाताना त्याला वळसा घ्यावा लागे. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या डोक्यावर आणल्या. त्यामुळे वायूचा मार्ग सरळ झाला, इंजिनाला मोकळा श्वास मिळाला आणि शक्ती वाढली. सिलिंडरही हळूहळू मोठे होत गेले आणि ६०० सी.सी.चे इंजिन शेवटी ९५० सी.सी.पर्यंत पोहोचले.

तरी नुसती शक्ती पुरत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यास आठपट शक्ती लागते. ताशी ५५ मैलांची गाडी त्याच आकारात ताशी १८४ मैल पळवायची तर हवेशी झुंजण्यासाठीच सुमारे ३७ पट शक्ती हवी! आमचे विद्यार्थी हा हिशेब वहीत करून पाहू शकतील. एवढी शक्ती या जुन्या इंजिनातून निघणे शक्य नव्हते. म्हणून मन्रो यांनी गाडीला माशासारखे निमुळते कवच चढविले आणि त्यात ते स्वतः पुढे वाकून, जवळजवळ पालथे पडून बसत. गाडी सुधारणे म्हणजे एक भाग काढून दुसरा बसविणे नव्हे. प्रत्येक बदल दुसऱ्या बदलाची मागणी करतो.

या कामात अपयश किती वेळा आले याची गणती नाही. पिस्टन वितळत, दांडे मोडत, इंजिन फुटून त्याचे तुकडे होत. मन्रो हे तुकडे टाकून देत नसत. आपल्या गॅरेजमधील फळ्यांवर ते मांडून ठेवीत, आणि ही वेगदेवतेला वाहिलेली अर्पणे आहेत अशी पाटी त्यांनी तेथे लिहिली होती. देवापुढे आपण फुलेफळे ठेवतो. या गृहस्थाने मोडलेले लोखंड ठेवले. थट्टा त्यात होतीच, पण आम्हांला त्यात एक शिस्तही दिसते. मोडलेली वस्तू डोळ्यांपुढे असली म्हणजे ती का मोडली याचा विचार थांबत नाही.

१९३८ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमधील आपला पहिला वेगाचा विक्रम केला आणि पुढे आणखी सात केले. इन्व्हरकार्गिलजवळच ओरेटी नावाचा लांबलचक, टणक वाळूचा समुद्रकिनारा आहे. तेथे ते गाडीची परीक्षा घेत. १९५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील वेगाचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी ताशी १३१.३८ मैलांवर नेला.

आता या चरित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९२५ मध्ये त्यांचे लग्न झाले होते आणि त्यांना चार मुले होती. संसार आणि मोटारसायकल एका छपराखाली नांदू शकल्या नाहीत. १९४७ मध्ये पतिपत्नींचा घटस्फोट झाला. मन्रो यांनी नोकरी सोडली आणि ते एका गॅरेजमध्ये राहू लागले. तेथेच झोपणे, तेथेच काम. लोक अशा माणसाला धुनी म्हणून डोक्यावर घेतात, पण ज्यांच्या वाट्याला रिकामी खुर्ची येते त्यांना विचारले तर उत्तर वेगळे मिळेल. मुलांना चरित्रे सांगताना आम्ही ही किंमतही सांगतो.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. फार प्राचीन काळी तेथे मोठे सरोवर होते. ते आटले आणि मागे मिठाचा सपाट, कठीण थर राहिला. वेगाचे विक्रम करण्यासाठी जगभरची माणसे तेथे जमतात. मन्रो पहिल्यांदा तेथे नुसते पाहण्यासाठी गेले. त्यानंतर आणखी नऊ वेळा ते शर्यतीसाठी गेले. या वेळी वय साठीच्या पुढे होते आणि हृदयविकाराचा त्रासही सुरू झाला होता. इतर लोक मोठ्या लवाजम्यासह येत. हा म्हातारा दक्षिण गोलार्धातून समुद्र ओलांडून आपली चाळीस वर्षांची गाडी घेऊन येई.

१९६२ मध्ये त्यांनी ८८३ सी.सी. गटात ताशी १७८.९७ मैलांचा जागतिक विक्रम केला. १९६६ मध्ये १००० सी.सी. गटात ताशी १६८.०६६ मैलांचा दुसरा केला आणि १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच गटात तिसरा. तेव्हा गाडीचे वय ४७ वर्षे होते. विक्रमासाठी गाडी दोन्ही दिशांनी पळवावी लागते, म्हणजे वाऱ्याचा फायदा एकीकडे झाला तर तोटा दुसरीकडे होतो, आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात. १९६७ चा विक्रम ताशी १८३.५८६ मैल असा नोंदला गेला. त्याआधीच्या पात्रता फेरीत एकाच दिशेने त्यांनी ताशी १९०.०७ मैल, म्हणजे जवळजवळ ३०६ किलोमीटर, वेग गाठला होता.

या आकड्याची पुढे एक गोष्ट झाली. अनेक वर्षांनंतर मन्रो यांचे पुत्र जॉन यांच्या लक्षात आले की १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती. त्यांनी अमेरिकन मोटारसायकल संघटनेला कळविले. संघटनेने कागद तपासले आणि २०१४ मध्ये विक्रम दुरुस्त करून ताशी १८४.०८७ मैल असा नोंदला. वडिलांना जाऊन तेव्हा ३६ वर्षे झाली होती. ज्या मुलांच्या वाट्याला वडिलांचा वेळ कमी आला, त्यांच्यापैकीच एकाने वडिलांच्या कामातील अर्धा मैल परत मिळवून दिला. या चरित्रातील ही गोष्ट आम्हांला सर्वांत अधिक भावते.

१९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला आणि हातापायांवरचा ताबा पूर्वीसारखा राहिला नाही. आपली स्काउट आणि दुसरी लाडकी गाडी, व्हेलोसेट, परदेशी जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या आपल्याच गावातील एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी इन्व्हरकार्गिल येथे त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये त्यांच्या जीवनावर इंग्रजी चित्रपट निघाला आणि त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. चित्रपटात अनेक वर्षांच्या खटपटीची एकच सफर केली आहे. खरा माणूस मात्र वर्षामागून वर्षे जात राहिला, हे पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. गाडीत बदल करण्याची हौस वाया जाते काय? भाग विकत आणले, दुसऱ्याकडून बसवून घेतले आणि रस्त्यावर आवाज करीत फिरले, तर गाडी बदलते, मालक आहे तसाच राहतो. तीच गाडी घरच्या अंगणात उघडली, झडप कशासाठी असते, दांडा का मोडला हे समजून घेतले, तर शाळेत न शिकवलेले पुष्कळ हाताला कळते. आणि एक गोष्ट तरुणांनी विसरू नये. मन्रो यांनी आपला वेग मोकळ्या किनाऱ्यावर आणि मिठाच्या मैदानावर आजमावला. आपल्या उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर शाळेची मुले चालत असतात.

आईवडिलांनाही आमची एक विनंती आहे. मुलाच्या हातांना ग्रीस लागलेले दिसले तर आधी रागावू नका. आज काय उघडले आणि काय समजले, एवढे विचारा. आणि मुलांनो, जेवणाची हाक आली म्हणजे पाना खाली ठेवून घरात या. गाडी सकाळपर्यंत थांबू शकते.